तासावरचा मास्तर



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही जिनिंग, चटईचे कारखाने नाही तर एस. टी. यांच्याविषयी बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आमचा वावर त्याच लोकांत आहे. पण आज आम्ही मास्तरांविषयी बोलणार आहोत, आणि त्यांतही इंग्रजीच्या मास्तरांविषयी. नववीत शाळा सोडलेल्या माणसाने इंग्रजीच्या मास्तरांची वकिली करावी, हे पुष्कळांना गमतीचे वाटेल. परंतु आमचे इंग्रजी आम्ही नोटिशींवर शिकलो. कामगाराच्या हाती कागद पडे तो इंग्रजीत, आणि कचेरीत तो वाचणारे आम्हीच. 'टर्मिनेशन', 'सरप्लस', 'रिट्रेंचमेंट' हे आमच्या पहिल्या पुस्तकातले पाठ. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक नोटीस आम्ही सोडवली. तेच शब्द आता मास्तरांच्या कागदांवर दिसू लागले आहेत, म्हणून ते कागद घेऊन मास्तर आमच्याकडे येऊ लागले, आणि म्हणून हे व्याख्यान.

प्रथम थोडे दूरचे पाहू. इंग्रजी ही परकी भाषा, तेव्हा ती शिकवायला माणूसही परकाच आणावा, असे काही देशांना वाटले. जपानने १९८७ साली त्यासाठी एक सरकारी योजना काढली आणि इंग्रजी बोलणारे तरुण देशोदेशींहून आणून आपल्या शाळांत ठेवले. हुद्दा 'सहायक भाषाशिक्षक'. पुढे गावोगावच्या शिक्षणमंडळांना खर्च जड वाटू लागला, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांनी ही माणसे थेट नेमण्याऐवजी पुरवठादार कंपन्यांकडून घ्यायला सुरुवात केली. शाळा तीच, वर्ग तोच, फळा तोच. फक्त मालक बदलला. आपल्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदार येतो तो याच दाराने येतो, हे इथे बसलेल्या कामगारबंधूंना निराळे सांगायला नको. दक्षिण कोरियातही तोच प्रकार. सोल शहराच्या शिक्षणखात्याने २०११-१२ च्या सुमारास अंदाजपत्रकाचे कारण दाखवून वरच्या वर्गांतले परदेशी इंग्रजी शिक्षक कमी करायला घेतले. या माणसांचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की घर गेले, आणि थोड्याच दिवसांत देशही सोडायचा.

अमेरिकेतली एक हकीकत आम्हांला फार बोलकी वाटते. मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्याच्या सरकारी शाळांनी परदेशांतून, मुख्यतः फिलिपाइन्समधून, शिक्षक आणले होते. येण्याचा आणि परवान्याचा खर्च त्यांच्याच अंगावर टाकलेला. तिथल्या मजूरखात्याने २०११ साली हे बेकायदा ठरवले आणि हजारावर शिक्षकांना मिळून बेचाळीस लाख डॉलर परत द्यायला लावले. न्याय झाला! पण त्याच निकालात शिक्षा म्हणून त्या शाळाखात्याला दोन वर्षे परदेशी माणूस नेमण्याची बंदी झाली. त्यामुळे ज्यांच्यासाठी निकाल झाला त्यांच्याच परवान्यांचे नूतनीकरण अडले आणि पुष्कळांना नोकरी सोडावी लागली. मालकाला शिक्षा केली म्हणजे कामगार सुटला असे होत नाही. हा अनुभव आपल्याकडेही येतो. शाळेची मान्यता काढून घेतली म्हणून वर्तमानपत्रात मोठे मथळे येतात, आणि तिथल्या मास्तरांचे काय झाले हे त्याच वर्तमानपत्रात शोधूनही सापडत नाही.

कोणी म्हणेल, ते परदेशी होते, त्यांचे असे व्हायचेच. आमचे मत निराळे आहे. ते परदेशी होते म्हणून नव्हे, तर त्यांची जागा 'जादा' धरली होती म्हणून गेले. जी जागा मूळ आराखड्यात नसते, ती खर्चाच्या वहीत सर्वांत शेवटी लिहिली जाते आणि सर्वांत आधी खोडली जाते. आता खानदेशात या. इथे मास्तर आपलाच आहे, शिरपूरचा, पारोळ्याचा, चोपड्याचा. परकी आहे ती भाषा. आणि तरी त्याची गत तीच झालेली आपल्याला दिसते.

२००० साल आठवा. त्या वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. केवढा गाजावाजा झाला, बाजूने आणि विरुद्ध किती लेख आले! गरिबाच्या पोराला इंग्रजी मिळालेच पाहिजे असे आमचे तेव्हाही मत होते, आजही आहे. पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, तिचा गाजावाजा त्या मानाने थोडा झाला. शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पगार नाही, मानधन. तेही प्राथमिकला ३०००, माध्यमिकला ४००० आणि उच्च माध्यमिकला ५००० रुपये. आणि तीन वर्षे असे काढल्यावर मग नियमित वेतनश्रेणी. म्हणजे एका हाताने शिक्षकाचे काम वाढवले आणि त्याच वर्षी दुसऱ्या हाताने त्याच्या पायाखालची फळी काढली. हे मानधन पुढे ६, ८ आणि ९ हजार झाले, आणि २०२३ साली १६, १८ आणि २० हजारांवर आले. मध्यंतरी कितीतरी वर्षे अशी गेली की, जळगावच्या सोन्याच्या पेढीवर माल दाखवणाऱ्या पोराला मास्तरापेक्षा अधिक मिळत होते. त्या पोराला अधिक मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. पण 'मानधन' या शब्दाचा आम्हांला राग आहे. ज्यात मान नाही आणि धनही नाही, त्याला हे नाव कोणी दिले असेल?

नंतर २०१२ आले. त्या वर्षीच्या २ मे रोजी शासनाने शिक्षकभरती थांबवली. कारण असे की, राज्यात अतिरिक्त शिक्षक आहेत, आधी त्यांचे समायोजन होऊ द्या. तत्त्व म्हणून हे आम्हांला मान्य आहे. छाटणी झालेल्या माणसाला आधी कामावर घ्या, ही तर आमचीच जुनी मागणी. पुढे शासनाच्याही लक्षात आले की, इतिहासाचा अतिरिक्त शिक्षक इंग्रजीच्या जागेवर बसवता येत नाही. तेव्हा गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांना सवलत दिली गेली. कागदावर इंग्रजीचा मास्तर सुटला. पण व्यवहारात काय झाले? संस्थेने जाहिरात दिली, मुलाखती घेतल्या, नेमणूक केली; मास्तर वर्गावर उभा राहिला; आणि वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणखात्यात गेला की तिथून उत्तर येई, भरतीस बंदी आहे, सबब मान्यता नाही. मान्यता नाही म्हणजे पगार नाही. मग औरंगाबादच्या खंडपीठाकडे धाव. तिथे अशा कितीतरी याचिका गेल्या, आणि या तीन विषयांना बंदी लागू नाही असे न्यायालयाला पुनःपुन्हा सांगावे लागले. एकदा सांगून भागायला हवे होते. दर मास्तराने आपापला वकील करायचा, आपापली फी भरायची, आणि जे तत्त्व शेजारच्या तालुक्यातल्या मास्तरासाठी ठरले तेच पुन्हा आपल्यासाठी ठरवून घ्यायचे. याला आम्ही न्याय न म्हणता किरकोळीने घेतलेला न्याय म्हणतो. संघटना असती तर हा माल घाऊक भावाने मिळाला असता.

विनाअनुदानित शाळांची कथा याहून लांब आहे. तिला एक अख्खे व्याख्यान लागेल. तूर्त एवढेच की, 'कायम विनाअनुदानित' यांतला 'कायम' हा शब्द २००९ साली काढला गेला, आणि त्यानंतर पहिल्या वीस टक्क्यांची वाट पाहण्यात २०१६ उजाडले. मग वीसाचे चाळीस आणि चाळीसाचे साठ व्हावेत म्हणून आझाद मैदान. २०२५ च्या जुलैत, भर पावसात, मास्तर त्याच मैदानावर पुन्हा बसले होते. टप्पा अनुदान म्हणतात याला. माणसाचे वयही टप्प्याटप्प्याने वाढते, पण ते शासननिर्णयाची वाट पाहत नाही.

आता पटाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांसाठी शिक्षक हवेत. भाषा म्हणजे किती? मराठी, हिंदी आणि इंग्रजी. तीन भाषांना माणूस एक, हे आधीच ओढाताणीचे. त्यातून १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला; त्यात या वर्गांचा पट वीसाच्या खाली गेला तर मंजूर शिक्षक शून्य. शून्य! मग त्या मुलांना इंग्रजी कोण शिकवणार? जो खालच्या वर्गावर उरला असेल तो. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, दुसरा निर्णय निघाला. लहान पटाच्या शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एक कंत्राटी घ्यावा, निवृत्त माणूसही चालेल, महिना १५,००० रुपये. मास्तर चिडले, त्याच महिन्यात सामूहिक रजा घेऊन मोर्चे निघाले, आणि तो निर्णय शासनाला बदलावा लागला. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मोर्चाने काय होते असे विचारणारे सुशिक्षित लोक सभेला नेहमी असतात.

पट का घटतो, हे तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. सकाळी सातला कुठल्याही गावाच्या फाट्यावर उभे राहा. पिवळी गाडी येते आणि पोरे भरून इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे जाते. बापाने कापूस विकून फी भरलेली असते. त्याला दोष देऊ नका. आमच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर टिकत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणजे इंग्रजीसाठी पोर जाते, पोर गेले म्हणून पट घटतो, पट घटला म्हणून इंग्रजीचा मास्तर अतिरिक्त होतो, आणि मास्तर गेला म्हणून उरलेली पोरे जातात. ही रहाटगाडगी कुठे थांबवायची? आमच्या मते मास्तराशी. कारण या साखळीत शासनाच्या हातात असलेली कडी तेवढीच आहे. आणि त्या पिवळ्या गाडीच्या टोकाला काय आहे? तिथेही एक मास्तरीणबाईच उभ्या आहेत. आमच्याकडे आलेल्या अशा काही बाईंनी सांगितले की, सही एका आकड्यावर होते आणि हातात दुसराच पडतो, आणि मे महिन्याचा पगार नसतो, कारण जूनमध्ये नवीन नेमणूक. जी असुरक्षितता सरकारी शाळेतून पोर पळवून लावते, ती त्याच्या आधी पोहोचून पुढच्या शाळेत त्याची वाट पाहत असते.

कॉलेजांची स्थिती काही वेगळी नाही. इंग्रजी हा सक्तीचा विषय. कलाशाखा असो की वाणिज्य, त्याचे तास चुकत नाहीत. आणि हे तास कितीतरी ठिकाणी तासिका तत्त्वावरचा माणूस घेतो. तासिका म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सांगतो. तास घेतला तर पैसे. दिवाळीला नाही, परीक्षेच्या काळात नाही, उन्हाळ्यात नाही. मुलांचे स्नेहसंमेलन असले, पुढाऱ्याची शोकसभा झाली, तास बुडाला, की पैसे बुडाले. जिनिंगमधल्या हमालाला बोज्यावर मजुरी असते; पण हमालाला निदान बोजा दिसतो तरी. आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव दिले, हे फार चांगले झाले. जिला लिहिता-वाचता येत नव्हते त्या आसोद्याच्या लेकीचे नाव विद्यापीठाला, आणि त्याच विद्यापीठाच्या कॉलेजांत पीएच. डी. झालेला माणूस तासावर! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावेत असे म्हटले होते. आपापल्या कॉलेजच्या शिक्षकांच्या खोलीत जाऊन खुर्च्या मोजाव्यात, म्हणजे झाले.

अमळनेरकडच्या एका तरुणाचा दिनक्रम आम्हांला माहीत आहे. एम. ए., बी. एड. सकाळी एका गावी तास, दुपारी दुसऱ्या गावी, मोटारसायकलचे पेट्रोल स्वतःचे. उन्हाळ्यात तो रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला जातो. दोन वर्षांपूर्वी शिंदखेडे तालुक्यातल्या शाळेत होता, तेव्हा परीक्षा संपल्यावर एका पोरीने त्याला विचारले, "गुरुजी, पुढला सालले तुम्हीच येशात ना?" त्याने काय सांगावे? जूनला त्या जागी दुसरा आला. हे पोरीचे प्रकरण आम्हांला मास्तराच्या प्रकरणाहून मोठे वाटते. तिच्या घरात अहिराणी. शाळेतली मराठीच तिला दुसरी भाषा, आणि इंग्रजी त्याच्याही पुढची. अशा मुलाला तिसऱ्या भाषेत न्यायचे तर त्याची पहिली भाषा ऐकलेला, त्याची चूक कुठून येते हे ओळखणारा माणूस हवा, आणि ती ओळख दोन-तीन वर्षांनी येते. दर जूनला नवा मास्तर आला की तो काळांपासून, 'टेन्स'पासून, सुरुवात करतो. पाच वर्षे पोरगी पहिल्या धड्यावरच!

आता लोक दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, कायम झालेला मास्तर शिकवत नाही. असे मास्तर आहेत. आम्ही त्यांची बाजू घ्यायला आलेलो नाही. पण कामचुकाराला काढण्याची तरतूद कायद्यात आहे. चौकशी करा, आरोप सिद्ध करा आणि काढा. कामचुकाराच्या नावाने सगळ्यांनाच वाऱ्यावर सोडणे म्हणजे एका मापाड्याने काटा मारला म्हणून बाजारातली सगळी मापे फोडणे. आणि साने गुरुजींचे उदाहरण घ्या. १९२४ पासून ते अमळनेरच्या शाळेत शिकवत होते. १९३० साली स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी त्यांनी ती नोकरी आपण होऊन सोडली, आणि पुढे याच खानदेशात शेतकऱ्या-कामगारांत उभे राहिले. नोकरी सोडण्यालाही आधी नोकरी हातात असावी लागते. ज्याची नेमणूक दर एप्रिलला संपते, तो मुख्याध्यापकासमोर बोलत नाही, पालकासमोर बोलत नाही, आणि संघटनेच्या पावतीवर सही करताना मागे वळून पाहतो.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. पगारावर फार खर्च होतो म्हणतात. शिक्षणाच्या अंदाजपत्रकात पगारच मोठा असणार, दुसरे काय असणार? सूतगिरणीचा मोठा खर्च कापसावरच असतो. आणि हा खर्च वाचत नाही, तो फक्त सरकारी वहीतून उचलून त्या कापूसवाल्या बापाच्या वहीत मांडला जातो, गाडीभाड्यासकट.

आता थोडे कायद्याचे, कारण आमचा तो धंदा आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगलोरच्या पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात असे म्हटले की, शिक्षणसंस्था हाही उद्योगच. आम्ही म्हटले, छान झाले. दहा वर्षांनी, १९८८ साली, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, शाळा उद्योग असला तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार नव्हे. कारण शिकवणे हे ना अंगमेहनतीचे काम, ना कारकुनीचे, ना तांत्रिक. म्हणजे शाळेचा शिपाई कामगार, कारकून कामगार, आणि मास्तर मात्र कोणीच नाही. तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात गेला आणि औद्योगिक संबंध संहिता आली. पण तिच्याही 'कामगार' या व्याख्येत शिकवण्याचे काम घातलेले नाही. व्याख्या बदलत नाहीत असे मात्र समजू नका. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही २००४ साली असेच शिक्षक वगळले गेले होते. संसदेने २००९ साली व्याख्या बदलली आणि तीही १९९७ पासून लागू केली. खाजगी शाळांचे चालक भांडत राहिले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

पण महाराष्ट्रातल्या खाजगी शाळेतल्या मास्तराला आजही एक हत्यार आहे. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालचे १९८१ चे नियम. मान्यताप्राप्त शाळेला तो लागू आहे, अनुदान असो वा नसो. इंग्रजी माध्यमाच्या बाईंना हे कोणी सांगितलेलेच नसते. कायम रिक्त जागेवर रीतसर नेमलेला शिक्षक परिवीक्षेचा काळ नीट पार पडला की कायम होतो. म्हणूनच संस्था ऑर्डरमध्ये 'एका शैक्षणिक वर्षासाठी' असे लिहितात. जागा कायमची, काम कायमचे, आणि ऑर्डर वर्षाची. सगळी लबाडी त्या एका ओळीत. तुकडी बंद झाली तरी कायम माणसाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आणि काढून टाकले तर तीस दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या भागातून नाशिकला, अपील करता येते. बहुतेक मास्तर आमच्याकडे येतात ते साठाव्या दिवशी. तीस दिवस ते संस्थाचालकांच्या घरी जात असतात, आणि पुढचे तीस दिवस आमदारांच्या.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. इंग्रजीचा मास्तर तीन भाषांच्या गाठोड्यातून सोडवून त्याची जागा स्वतंत्र मंजूर करा. पट मोजायचा तर एका शाळेचा न मोजता केंद्राचा मोजा, आणि दोन-तीन लहान शाळांना मिळून एक कायमचा, पूर्ण पगाराचा इंग्रजीचा शिक्षक द्या. फिरण्याचा भत्ताही द्या. तासावरच्या माणसाला बारा महिने धरून पैसे द्या. यांत कोठे क्रांती आहे, हे आम्हांला तरी दिसत नाही. धुळ्याच्या आणि जळगावच्या जिल्हा परिषदांच्या सभासदांकडे हे निवेदन घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे. त्यात मास्तरांच्या सह्या थोड्या आणि पालकांच्या जास्त असाव्यात असे आम्ही ठरवले आहे, कारण मास्तराची सही पाहून कोणी घाबरत नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडतील. या सभेत जे मास्तर आणि बाई बसल्या आहेत त्यांना एवढे सांगतो. नेमणुकीची ऑर्डर घेतल्याशिवाय वर्गावर जाऊ नका. हजेरीपटावर रोज सही करा, आणि महिनाअखेरीस त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पगार हातात देत असतील तर खात्यावर मागा. जुन्या ऑर्डरी टाकून देऊ नका, फाटक्या असल्या तरी. आणि ज्यांना गेल्या पंधरा-वीस दिवसांत 'सेवा समाप्त' असा कागद आला असेल, त्यांनी घरी जाऊन त्यावरची तारीख पाहावी आणि उद्या सकाळी तो घेऊन आमच्याकडे यावे. कचेरी रविवारीही उघडी असते.